बैल परत आले, माणूस नाही

अमेरिकेत डकोटाच्या माळावर आमच्या लोकांची पहिली पंचवीसेक घरं झाली, त्यांत मेटलरांचं घर सगळ्यात पश्चिमेला. त्याच्यापलीकडे नुसतं गवत. गॉटलीब मेटलर, त्याची बायको ओटिलिया आणि म्हातारी आई युस्टिना, अशी तीन माणसं त्या एका खोलीच्या मातीच्या घरात राहत. ओटिलियाला सगळे टिलीच म्हणत.

टिलीचा जन्म काळ्या समुद्राकाठच्या आमच्या जुन्या जर्मन गावातला. तुमची पोरं कधी फौजेत घेणार नाही, असा शब्द रशियाच्या एका झारने आमच्या पणजोबांना दिला होता. तो पुढे दुसऱ्या झारने मोडला, आणि गावंच्या गावं उठून अमेरिकेला निघाली. टिली तेव्हा बावीस वर्षांची. जहाज ठरलेलं होतं, मेटलरांकडे लग्नाचा एक मुलगा होता आणि टिलीच्या बापाकडे पाच मुली होत्या. तीन आठवड्यांत लग्न उरकलं. बंदरावर बापाने तिला एवढंच सांगितलं, "परत यायचं नाही असं समजूनच जा. म्हणजे रडू कमी येईल."

नवरा मात्र चांगला निघाला. गॉटलीब तोंडाने कमी, हाताने फार. काम नसलं की लाकूड तासत बसायचा. थंडीत सकाळी टिली उठायच्या आधी तिचे बूट चुलीपाशी ठेवायचा आणि ते आपण ठेवले असं कधी म्हणायचा नाही. युस्टिनाचं तोंड मात्र दोघांपुरतं चालायचं. "पीठ असं मळतात होय? ह्याने भिंती लिंपायच्यात की पोटं भरायचीत?" हे सकाळचं. संध्याकाळचं वेगळं असायचं, आणि त्यात बहुतेक वेळा टिलीच्या रिकाम्या कुशीचा विषय निघायचा.

सरकार जमीन फुकट देत होतं, पण अट अशी की पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, नांगरून पेरून दाखवायचं. मग कागद मिळणार. सहा महिने पाठ फिरवली, तर कोणीही उठून कचेरीत जावं आणि 'ही जमीन सोडून दिलेली आहे' म्हणून आपलं नाव लावावं. मेटलरांनी १८८४च्या वसंतात जमीन धरली. गॉटलीबचा थोरला भाऊ क्रिस्टॉफ याची जमीन मैलभर पूर्वेला. क्रिस्टॉफ मोठ्या आवाजाचा, झारच्या तोफखान्यात चार वर्षं काढून आलेला. पाद्री सहा आठवड्यांनी एकदा यायचा, मधल्या रविवारी प्रार्थना क्रिस्टॉफच सांगायचा.

तिसऱ्या वर्षी पीक करपलं. त्या साली कितीतरी लोक गव्यांची हाडं वेचायला लागले. शिकाऱ्यांनी मारून टाकलेले हजारो गवे, त्यांची हाडं उन्हापावसात पांढरी होऊन माळावर पडलेली. गाडीभर वेचून रेल्वेच्या गावात नेली की खताच्या कारखान्याचा माणूस विकत घ्यायचा. ऑक्टोबरात एका मंगळवारी सकाळी गॉटलीब बैलगाडी जुंपून हाडं वेचायला निघाला. टिलीने भाकर आणि मीठ लावलेलं डुकराचं मांस फडक्यात बांधून दिलं.

"दक्षिणेला जातो," तो म्हणाला. "अंधार व्हायच्या आत येतो."

दिवस मावळताना बैल आले. गाडी अर्धी भरलेली, गाडीवर माणूस नाही. बैल नेहमीसारखे गोठ्यापाशी येऊन थांबले. टिली दारातून धावली, पण म्हातारी आधीच अंगणात होती. टिलीला लांबूनच दिसलं की कासरा जमिनीवर लोळत नव्हता. नीट गुंडाळून जुवाला बांधला होता, आणि गाठीचे दोन फासे सशाच्या कानांसारखे वर उभे होते. ती पोचेपर्यंत युस्टिनाने गाठ सोडली होती.

"गॉटलीब कुठेय?" टिली म्हणाली.

"मला काय विचारतेस? बैलांना विचार," म्हातारी म्हणाली. ती सोडलेला कासरा उगाच उलगडत राहिली. टिलीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

चार दिवस सगळी वस्ती शोधत होती. क्रिस्टॉफ सगळ्यांच्या पुढे. त्या मंगळवारी तो म्हणे उत्तरेला आपल्या गवताच्या गंजीवर होता, त्याला काही कळलंच नाही. दक्षिणेचा माळ पायाखाली घातला. माणूस नाही, रक्त नाही, टोपी नाही. पाचव्या दिवशी पाऊस लागला आणि लोक आपापल्या कामाला लागले. मग बोलणी सुरू झाली. मेलेला माणूस कासरा गुंडाळून बांधत नाही. म्हणजे गॉटलीबने स्वतःच्या हाताने बैल घरी लावून दिले आणि पायी निघून गेला. का गेला? घरात काय होतं त्याला थांबायला? आईची जीभ आणि बायकोची रिकामी मांडी. प्रार्थनेच्या दिवशी बायका टिलीला जागा करून द्यायच्या, पण जरा जास्तच.

फेब्रुवारीत क्रिस्टॉफ रेल्वेच्या गावाहून परतला तो सरळ त्यांच्या घरी आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आई, गॉटलीब जिवंत आहे. पश्चिमेला रेल्वेच्या कामावर आपल्याकडच्या एका माणसाने त्याला पाहिलंय."

टिली चुलीत शेणाची वीट घालत होती. तशीच थांबली. "कोणी पाहिलं?"

"तू ओळखत नाहीस त्याला."

"बोलला का गॉटलीब त्याच्याशी?"

"लांबून पाहिलं म्हणे. पण तोच होता."

टिलीला वाटलं म्हातारी आता हंबरडा फोडेल, नाहीतर देवाचे आभार मानेल. युस्टिना भिंतीकडे तोंड करून लोकर पिंजत राहिली. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून टिली ना धड बायको राहिली, ना विधवा. मार्चात शेजाऱ्याच्या गाडीतून ती जमिनीच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या माणसाने दुभाष्यामार्फत सांगितलं ते असं: नवरा मेला असता तर जमीन तिच्या नावावर चढली असती आणि पुढे काय करायचं ते तिने ठरवलं असतं. पण तो जिवंत आहे, असं त्याचा सख्खा भाऊच म्हणतो. म्हणजे जमीन त्याची. टाकलेल्या बायकोने पाच वर्षं पुरी होईपर्यंत तिथून हलायचं नाही. हलली, तर जमीन गेली. राहिली, तर पुढचं पुढे बघू.

"आणि तो परत आला तर?" टिलीने विचारलं.

"तर त्याची," दुभाष्या म्हणाला.

परतीच्या वाटेवर रेल्वेच्या गावात एका खाणावळीच्या मालकिणीने तिला थांबवलं. ही बाई जर्मनीतल्या सॅक्सनीची. टिलीने मागे एकदा तिच्याकडे पाव दिले होते. "माझ्याकडे ये पाव भाजायला. वर खोली आहे, खिडकी रस्त्यावर उघडते." टिली नाही म्हणाली. मग गाडीत बसल्यावर तिने खिडकी कुठली असेल ते वळून पाहिलं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते टिली नंतर कधी नीट सांगत नसे. वसंतात तिने स्वतः नांगर धरला, म्हातारीने बैल हाकले. जूनमध्ये दोघींनी अनवाणी शेण तुडवून, विटा पाडून वाळत घातल्या, हिवाळ्याचं जळण म्हणून. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत काही आडवं नाही, आणि ह्या बाईला बाहेर जायला वाट नाही. रात्र पडली की दोघी एकाच खोलीत. म्हातारी तिच्याकडे बघायची. टिलीला वाटे, हिला वाटतंय मीच काहीतरी केलं. कधी कधी वाटे, हिलाच काहीतरी ठाऊक आहे.

"काय बघता आई?"

"बघायला दुसरं आहे काय इथे?"

एकदा उन्हाळ्यात टिली चिडून म्हणाली, "तुमचा मुलगा मला टाकून गेला, आणि तुम्हालाही टाकून गेला. मग माझ्यावरच का डोळे?"

युस्टिना म्हणाली, "माझा गॉटलीब कोणाला टाकून जाणारा नव्हता." आणि लगेच उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेली. ते दाणे तासापूर्वीच घातले होते. टिलीने हे पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही. नवरा जिवंत असल्याची बातमी आली, तर आईने असं का म्हणावं?

नोव्हेंबरात क्रिस्टॉफ दोर घेऊन आला. हिमवादळात स्वतःच्या अंगणात वाट चुकून माणसं मरतात, म्हणून आमच्याकडे घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवतात. गेल्या वर्षी तो गॉटलीबने जाण्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बांधून ठेवला होता. क्रिस्टॉफने दोराचं एक टोक गोठ्याच्या खुंटीला लावलं, दुसरं दाराच्या कडीशी आणलं. टिली उंबऱ्यात उभी होती. त्याने दोन वेढे घेतले, बोटं वळवली, ओढली, आणि तिच्या नाकासमोर दोन फासे सशाच्या कानांसारखे उभे राहिले.

"ही कसली गाठ?" टिलीने विचारलं.

"फौजेतली. तोफांचे दोर असेच बांधतात. ओढून सुटत नाही, पण एका बोटाने सोडता येते." तो बोलता बोलता थांबला. दोराकडे बघितलं, मग तिच्याकडे. "येतो," म्हणाला, आणि गेला.

टिली आत वळली. म्हातारी खाटेवर बसली होती आणि तिचे डोळे टिलीवरच होते. टिलीने दार लावून घेतलं. बोलायचं तर कोणाशी? वस्तीत प्रार्थना सांगणारा तोच. कचेरीत साक्ष देणारा तोच. आणि ह्या खोलीतल्या दुसऱ्या बाईचा तो मुलगा. आठ आठवडे टिली दिवसातून दोनदा तो दोर धरून गोठ्यात जात होती. गाठ मात्र तिने पुन्हा हाताने चाचपली नाही.

जानेवारीच्या मध्याला वादळ आलं. सकाळी हवा इतकी ऊबदार होती की टिलीने अंथरुणं बाहेर टाकली होती. दुपारी उत्तरेकडून करडी भिंत आली आणि घर गिळलं. तीन दिवस बाहेरचं काही दिसलं नाही. खिडकीची काच आतून बर्फाने मढली. दार उघडायला खांद्याने रेटावं लागे. वाऱ्याचा आवाज असा, की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिली दोर धरून गोठ्यात गेली, बैलांना गवत टाकलं, आणि परत आली तेव्हा भुवयांवर बर्फ, ओठ निळे. युस्टिनाने तिचे हात स्वतःच्या काखेत धरून ठेवले. तसं ती कधी करत नसे.

तिथेच टिली म्हणाली, "आई, बैल आले त्या दिवशी जुवाला क्रिस्टॉफची गाठ होती."

म्हातारीने हात सोडले नाहीत.

"तुम्ही ती माझ्याआधी सोडलीत."

"हो."

"का?"

युस्टिनाने पायाने चुलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "घर सोडून इथे येताना आमच्या सगळ्या पेट्या त्यानेच बांधल्या होत्या. चाळीस दिवस मी ती गाठ बघत होते. अंगणात बैल उभे राहिले आणि मला कळलं, क्रिस्टॉफ तिथे होता. मग तो आला आणि म्हणाला, मी उत्तरेला होतो. मी काय करू? एक गेला होता. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याला फासावर चढवलं असतं."

"त्याने मारलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला माहीत नाही. पंधरा महिने हेच चाललंय माझ्या डोक्यात. विचारायचं धाडस होत नाही. तो हो म्हणाला तर?"

"आणि मी? मला लोक काय काय म्हणाले. तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होते," म्हातारी म्हणाली. "मीही म्हणाले."

टिलीने हात काढून घेतले. रागाने तिला उठून बाहेर जावंसं वाटलं, आणि बाहेर म्हणजे मरणच होतं. म्हणून ती चुलीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. तीन पावलं लांब. दिवसभर त्या तशाच बसल्या, एकीने सूप केलं, दुसरीने वाढलं, आणि एकमेकींकडे न बघता दोघींनी खाल्लं. संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि टिलीला हसू आलं. मग रडू आलं, आणि ते पुष्कळ वेळ थांबलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. ऊन इतकं लख्ख, की डोळे उघडवेनात. दुपारच्या आधी क्रिस्टॉफ टणक झालेल्या बर्फावरून चालत आला, आई जिवंत आहे का बघायला. मिशा गोठलेल्या. दाराशी फावड्याने वाट काढून आत आला, आणि त्याने दोघींचे चेहरे पाहिले.

"बस," युस्टिना म्हणाली. "टिलीला सांग."

"काय सांगू?"

"कासरा तू बांधलास. पुढचं तू सांग. मी आई आहे तुझी, मी ऐकते."

क्रिस्टॉफ बसला नाही. उभ्याउभ्याच बोलला, आणि बोलताना टिलीकडे न बघता चुलीकडे बघत होता. दक्षिणेला ओढ्याकाठी टोर्गर लुंडे नावाच्या नॉर्वेजियन माणसाची जमीन आहे. तिथे काठाचा उंच कडा आहे, आणि त्याच्या पोटात गव्यांच्या हाडांचा थरच्या थर. लुंडेने कोणालाही तिथे खणू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण माळावरची हाडं संपत आली होती. क्रिस्टॉफच गॉटलीबला म्हणाला, लुंडे मंगळवारचा गावात जातो, आपण गाडीभर काढून आणू. गॉटलीबला ते पसंत नव्हतं. आला मात्र.

"तो खाली खणत होता, मी गाडी भरत होतो. कडा वरून सुटला. आवाजसुद्धा फार झाला नाही. मी खणायला लागलो. फावडं होतं, मग हातांनी. आतून तो बोलत होता."

टिलीने विचारलं, "काय म्हणत होता?"

"पाय अडकलाय म्हणाला. एवढंच. पाय अडकलाय, पाय अडकलाय."

"किती वेळ?"

क्रिस्टॉफने विचार केला. "'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना दोनदा म्हणून होईल एवढा. मग वरचा दुसरा तुकडा सुटला, माझ्या खांद्यावर आला, मी मागे फेकला गेलो. उठलो तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. हाका मारल्या. खूप मारल्या."

"मग माणसं का नाही आणलीस?" पहिल्यांदाच टिलीने त्याला अरे-तुरे केलं.

"मी प्रार्थना सांगतो लोकांना. दुसऱ्याच्या जमिनीत चोरी करताना भावाला गाडलं, असं कसं सांगू? मला वाटलं, उद्या सांगेन. उद्या आणखी जड झालं." त्याने टोपी काढून मुठीत धरली. "आई रोज दारात उभी राहायची. मला वाटलं, जिवंत आहे म्हटलं तर तिला झोप लागेल."

युस्टिना म्हणाली, "मला ठाऊक होतं तू खोटं बोलतोयस. त्याने आणखीच झोप गेली."

क्रिस्टॉफ टोपी घालून दाराशी गेला आणि म्हणाला, "वसंतात मी गुपचूप काढून आणतो त्याला. आपण तिघं पुरू. कोणाला कळणार नाही. त्याचा जीव मी घेतला असं लोक म्हणतील, टिली. माझी पाच पोरं आहेत."

तो गेल्यावर म्हातारीने टिलीचा हात धरला. "त्याचं ऐक. माझ्यासाठी ऐक."

आता टिली आणखीच अडकली. आधी तिला काही ठाऊक नव्हतं, हाच तिचा तुरुंग होता. आता ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. गुपचूप पुरलं तर गॉटलीब कागदोपत्री जिवंतच राहणार, वस्तीच्या तोंडी पळपुटाच राहणार, आणि ती जन्मभर टाकलेली. उघड केलं तर कदाचित पाच पोरांचा बाप तुरुंगात, आणि ह्या म्हातारीचा उरलेला मुलगाही तिनेच नेला असं होणार. बर्फ वितळेपर्यंत दोन महिने ती ह्यावर विचार करत होती. पाद्री आला तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं. पण तो क्रिस्टॉफच्याच घरी उतरला होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ओढे वाहायला लागले तेव्हा, तिने बैल जुंपले. युस्टिना अंगणात आली.

"कुठे?"

"लुंडेकडे."

म्हातारी बैलांच्या समोर जाऊन उभी राहिली. टिलीने कासरा ओढून धरला. बराच वेळ त्या तशा उभ्या होत्या. मग युस्टिना बाजूला झाली. ती का बाजूला झाली, हे तिने टिलीला कधी सांगितलं नाही आणि टिलीनेही विचारलं नाही.

टोर्गर लुंडे एकटा राहणारा, उंच, रोडका माणूस. त्याला जर्मन जेमतेम येत होतं. टिलीने तोडक्या शब्दांत आणि हातांनी सांगितलं. चोरीचंही सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग गोठ्यात जाऊन एक फावडं घेऊन आला. दांडा मोडलेला, आणि दांड्यावर चाकूने कोरलेली वेलबुट्टी. गॉटलीबचं काम.

"तिथे सापडलं," तो म्हणाला. "मला वाटलं, चोर पळाला. हसलो मी." मग फावडं तिच्या हातात देत म्हणाला, "मी तिथे हसलो, बाई."

त्याने स्वतः घोडा काढला आणि वस्तीत निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी आठ-दहा माणसं जमली. टिलीला वाटलं होतं, आता सगळं तिलाच बोलावं लागणार. पण क्रिस्टॉफ आला, खांद्यावर फावडं टाकून, आणि कोणी विचारायच्या आधी सगळ्यांसमोर बोलला. चुलीसमोर सांगितलं होतं तेच, कमी-जास्त न करता. एका म्हाताऱ्याने मध्येच टोपी काढली. दुसरा कोणीतरी थुंकला. मग ते खणायला लागले, आणि क्रिस्टॉफला कोणी पाणी दिलं नाही. लुंडेने दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॉटलीब सापडला. जिल्ह्याचा अधिकारी येऊन बघून गेला. क्रिस्टॉफचा खांदा, गॉटलीबचा अडकलेला पाय, कड्याची माती, सगळं पाहिलं, क्रिस्टॉफला दोन तास प्रश्न विचारले, आणि 'अपघात' असं लिहून घेतलं. गॉटलीबला वस्तीच्या दफनभूमीत पुरलं. त्या दिवशी बायका टिलीच्या दोन्ही बाजूंना खेटून बसल्या. टिलीला त्याचा उबगच आला, पण तिने जागा बदलली नाही.

क्रिस्टॉफकडून प्रार्थना काढून घेतली. त्याची बायको नंतर टिलीशी एक अक्षर बोलली नाही. दीड वर्षाने ते कॅनडात जायला निघाले. निघायच्या आधी क्रिस्टॉफ आईला न्यायला आला.

युस्टिना म्हणाली, "मी नाही येत. हिला पीठ मळता येत नाही अजून."

"आई, मी तुझा मुलगा."

"तू माझा मुलगाच आहेस. जा आता, उशीर होईल."

जमिनीचा कागद टिलीच्या स्वतःच्या नावाने आला, ओटिलिया मेटलर, विधवा. तो हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने बैल जुंपले, रेल्वेच्या गावात गेली, आणि सॅक्सनीवालीच्या खाणावळीत वरच्या खोलीत चार दिवस राहिली. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "खिडकीत बसले." पाचव्या दिवशी परत आली. जमीन तिने विकली नाही. अर्धी कसायला दिली, हिवाळ्यात तीन-चार महिने गावात पाव भाजायला जायला लागली, आणि म्हातारीला बरोबर न्यायची. खाणावळीच्या स्वयंपाकघरात युस्टिना खुर्चीवर बसून सगळ्यांच्या पिठाला नावं ठेवायची. ती सत्त्याण्णव साली गेली, टिलीच्या हातून दोन चमचे सूप घेऊन.

टिलीने पुन्हा लग्न केलं नाही. लुंडेने एकदा विचारलं होतं, असं लोक म्हणतात. ती हसून म्हणाली होती म्हणे की आता कुठे मला कोणी विचारत नाही, कुठे चाललीस म्हणून.

१९११च्या शरदात कॅनडातून पत्र आलं. क्रिस्टॉफ अंथरुणाला खिळला होता आणि तिला भेटायला बोलावत होता. पत्र त्याच्या मुलीने लिहिलं होतं. टिली तेव्हा पन्नाशीला आलेली, गुडघे दुखत होते. दोन दिवस आगगाडीने आणि अर्धा दिवस घोडागाडीने ती गेली. आठवडाभर राहिली. त्याच्या उशाशी बसून काय बोलली, काय नाही, ते तिथल्यांनाही ऐकू आलं नाही. त्याच्या बायकोने रोज तिच्यासाठी कॉफी आणून ठेवली, एवढं मात्र कळलं.

परत आल्यावर वस्तीतल्या बायकांनी विचारलं, कसा होता?

"वाळलाय पार," टिली म्हणाली. "पण तिथली जमीन बघा, काळीभोर. गहू छातीएवढा येतो म्हणतात." आणि मग तिने पिठाची परात पुढे ओढली, कारण दुपारच्या गाडीला तीस पाव द्यायचे होते.